जुन्या मोटारींचे लाकडी स्टिअरिंग : दुरुस्ती, जतन आणि सुरक्षितता

सरगूर (जि. म्हैसूर) : जुन्या मोटारीचे इंजिन दुरुस्त करणारे कारागीर आजही भेटतात, पत्रा सरळ करणारे आणि रंग देणारेही भेटतात, परंतु चालकाच्या हातात सतत असणारे लाकडी स्टिअरिंग तडकले, तर ते कोणाकडे न्यावे, हा प्रश्न बहुतेक मालकांना पडतो. मोटार मिस्त्रीला लाकडाची जाण नसते आणि सुताराला मोटारीची. परिणामी अनेक अस्सल स्टिअरिंग भंगारात जातात किंवा त्यांच्यावर जाड वॉर्निशचा थर चढवून मूळ दोष झाकला जातो. यातील दुसरा प्रकार अधिक धोकादायक आहे. सांध्यातून सुटलेले स्टिअरिंग वळणावर हातातच निखळले, तर गाडीवर ताबा ठेवण्याचे दुसरे साधन चालकापाशी नसते.

कबिनी नदीकाठचे सरगूर पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्याचा भाग होते. आता ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. बंदीपूर आणि नागरहोळे व्याघ्र प्रकल्पांलगतच्या या भागातील वनांत साग आणि शिसव हे दोन्ही वृक्ष आढळतात. येथून जवळच असलेल्या म्हैसूर शहरात शिसवाच्या लाकडात अन्य रंगांच्या लाकडांचे तुकडे बसवून चित्रे साकारण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून ‘म्हैसूर रोझवूड इनले’ या नावाने तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. श्रीरंगपट्टणजवळ नगुवनहळ्ळी येथे धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेग्गडे यांच्या पुढाकाराने ‘पयण’ हे जुन्या मोटारींचे संग्रहालय उभे राहिले आहे. लाकूड, कारागिरी आणि जुन्या मोटारी या तिन्ही गोष्टी एकाच परिसरात असल्याने लाकडी स्टिअरिंगच्या जतनाचा विचार येथून सुरू करणे उचित ठरते.

दांडीपासून चक्रापर्यंत

आरंभीच्या मोटारींना गोल स्टिअरिंग नव्हते. होडीच्या सुकाणूसारखी एक दांडी हाताने ढकलून चाके वळवली जात. १८९४ च्या पॅरिस–रुआँ स्पर्धेत आल्फ्रेड वाशेराँ याने आपल्या पानार मोटारीला चक्र बसवले होते. गोल चक्राचा हा आरंभीचा वापर मानला जातो. वेग वाढत गेला तशी दांडी गैरसोयीची ठरली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चक्र सर्वत्र रूढ झाले.

या चक्रांचा मधला तुंबा आणि आरे पितळ, ॲल्युमिनियम किंवा लोखंडाचे असत. बाहेरचे कडे अक्रोड, महोगनी, बीच अथवा ॲश यांसारख्या लाकडाचे असे. लाकूड निवडण्यामागे व्यावहारिक कारणे होती. ते धातूइतके तापत नाही आणि थंडीत तितके गारही पडत नाही, घामेजल्या हाताला त्याची पकड बसते आणि रस्त्यावरचे कंप काही प्रमाणात ते शोषून घेते. पुढे कठीण रबर, सेल्युलॉइड आणि अन्य प्लास्टिकचे लेप दिलेली पोलादी कडी आली आणि लाकूड मागे पडले. १९५० नंतर इटलीतील नार्दीसारख्या उत्पादकांनी क्रीडा मोटारींसाठी ॲल्युमिनियमच्या आऱ्यांवर लाकडी कडे बसवून त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. १९६१ मध्ये बाजारात आलेल्या जॅग्वार ई-टाइपचे लाकडी स्टिअरिंग याच परंपरेतील आहे.

भारतातील वाचकांच्या परिचयाच्या ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांची मूळ स्टिअरिंग लाकडी नव्हती. अनेक जुन्या गाड्यांत तर पोलादी गाभ्यावरील प्लास्टिकला लाकडासारख्या रेषांचा रंग दिलेला असतो. त्यामुळे कामाला हात घालण्यापूर्वी आपल्यासमोर खरोखर लाकूड आहे की लाकडाचा भास, हे कड्याच्या आतील बाजूच्या, सहसा न दिसणाऱ्या भागावर पाहून ठरवावे. सेल्युलॉइडचा लेप अतिशय ज्वालाग्राही असतो. त्यावर उष्ण हवेचे यंत्र चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

कडे तुकड्यांचे का असते

बैलगाडीच्या चाकाचा घेर एका लाकडातून कोरत नाहीत. तो अनेक वाकड्या तुकड्यांचा बनवतात आणि वरून लोखंडी धाव चढवतात. लाकडी स्टिअरिंगच्या रचनेमागचे तत्त्वही तेच आहे. लाकडाचे बळ त्याच्या तंतूंच्या दिशेने असते. एकाच फळीतून पूर्ण वर्तुळ कापले, तर दोन ठिकाणी तंतू कड्याच्या लांबीला आडवे येतात आणि तेथे ते बिस्किटासारखे तुटते.

सहा तुकड्यांचे कडे केल्यास प्रत्येक तुकडा ६० अंशांचा होतो आणि तंतूंची दिशा कड्याच्या वळणापासून टोकाशी जास्तीत जास्त ३० अंशांनी ढळते. आठ तुकडे केल्यास हीच तफावत साडेबावीस अंशांवर येते. सुमारे ४२ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगचा घेर १३२ सेंटिमीटर भरतो. म्हणजे सहा तुकड्यांतील प्रत्येक तुकडा साधारण २२ सेंटिमीटर लांबीचा असतो. हे तुकडे हाताच्या बोटांप्रमाणे एकमेकांत गुंतणाऱ्या किंवा तिरप्या सांध्यांनी जोडलेले असतात. काही उत्पादक पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून एकावर एक चिकटवत. त्या पद्धतीत तंतू पूर्ण वर्तुळभर अखंड राहतात. दुरुस्ती करणाऱ्याने प्रथम ओळखायची गोष्ट हीच, की आपले कडे यांपैकी कोणत्या पद्धतीचे आहे. तुकड्यांचे कडे सांध्यावर उघडते, तर पट्ट्यांचे कडे थरांत सुटते. दोहोंचे उपचार वेगळे आहेत.

उतरवताना घ्यायची काळजी

स्टिअरिंग गाडीवर असतानाच घासकाम करण्याचा मोह टाळावा. बॅटरीची जोडणी सोडवून, हॉर्नचे बटण काढून मधला नट मोकळा करावा. चक्र आणि दांडा यांच्यावर समोरासमोर खूण करावी, म्हणजे परत बसवताना चाके सरळ असता आरेही सरळ राहतात. त्यानंतर योग्य मापाच्या पुलरने चक्र ओढून काढावे. खालून हातोडीचे घाव घातल्यास तुंब्याला चीर पडतेच, शिवाय तो धक्का दांड्यातून थेट स्टिअरिंग बॉक्समधील बेअरिंगपर्यंत पोहोचतो.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या अनेक गाड्यांत ठिणगीची वेळ आणि इंजिनाचा वेग नियंत्रित करणाऱ्या दोन कांड्या स्टिअरिंगच्या मध्यभागी असतात. त्यांच्या नळ्या पोकळ दांड्यातून खालपर्यंत गेलेल्या असतात. त्यांची खालची जोडणी आधी सोडवली नाही, तर वरचे पितळी भाग वाकतात. असे भाग पुन्हा मिळणे जवळपास अशक्य असते. प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र घेणे आणि सुटे भाग खूण करून डब्यांत ठेवणे, ही सवय येथे सर्वात उपयोगी पडते.

दोषांची पारख

उतरवलेले कडे दोन्ही हातांत धरून हलका पीळ द्यावा. सांधा सुटला असेल, तर केसाइतकी फट उघडमीट होताना दिसते. बोटाच्या पेराने कड्यावर टिचकी मारत फिरल्यास घट्ट लाकडाचा आवाज टणक येतो आणि सुटलेल्या किंवा पोखरलेल्या भागाचा बद्द. रिव्हेटांभोवती काळसर-निळा डाग असल्यास आतला लोखंडी गाभा गंजला आहे, असे समजावे. लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने तो डाग पडतो. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने तो फिका होतो. पण हे आम्ल विषारी असल्याने हातमोजे व चष्मा घालावा आणि नंतर लाकूड स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यावे. आतला गंज तसाच ठेवला, तर तो फुगून नव्या सांध्यालाही फोडतो.

जुना लेप कशाचा आहे, हे ठरवण्यासाठी आतील बाजूस कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट लावावे. लेप चिकट होऊन विरघळू लागला, तर ते लाखेचे पॉलिश आहे. थिनरने विरघळला, तर तो नायट्रोसेल्युलोज लॅकर असण्याची शक्यता अधिक. दोन्हींना दाद न देणारा लेप बहुधा तेलाचे वॉर्निश किंवा नंतर कोणी चढवलेले पॉलियुरेथेन असतो. लेप शक्यतो रासायनिक द्रावाने मऊ करून बोथट पातीने उतरवावा. खालच्या बाजूस बोटांच्या पकडीसाठी कोरलेल्या खाचांवर जोराने पॉलिश पेपर फिरवल्यास त्यांची धार कायमची बोथट होते. खाचांचा आकार हा त्या स्टिअरिंगच्या ओळखीचा भाग असतो आणि एकदा गेलेले लाकूड परत येत नाही.

सरस की इपॉक्सी

जुने सांधे बहुधा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेले असत. सरस कोमट पाण्याने आणि उष्णतेने सुटतो. हा त्याचा गुणही आहे आणि दोषही. गुण असा, की उद्या चूक सुधारायची झाल्यास सांधा इजा न होता उघडता येतो. दोष असा, की उघड्या गाडीत पावसाळी दमट हवा आणि उन्हात तापलेले लाकूड यांच्यापुढे तो टिकत नाही. इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, फटीही भरते. परंतु एकदा जोडलेला सांधा लाकूड न फोडता पुन्हा उघडणे कठीण असते.

कोणताही चिकटपदार्थ वापरला, तरी सांध्यातील जुना सरस पूर्ण निघालेला असला पाहिजे. साग आणि शिसव ही तेलकट लाकडे आहेत. चिकटवण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसला नाही, तर इपॉक्सीचा सांधाही काही महिन्यांत सुटू शकतो. गोल कड्याला साधे शिकंजे नीट बसत नाहीत. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळण्याचा उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहे. त्यांचा दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो. दाब इतकाही नसावा, की सांध्यातील सारा चिकटपदार्थ बाहेर येऊन आत कोरडे लाकूड राहील.

बारीक चिरांसाठी त्याच जातीच्या लाकडाचा भुसा इपॉक्सीत कालवून भरता येतो. मात्र तुकडा उडालेल्या जागी हे भरण कधीही पुरेसे नसते. तेथे त्याच जातीच्या लाकडाचा, तंतूंची दिशा जुळवून कापलेला तुकडाच बसवावा लागतो. म्हैसूरच्या जडावकामाचे मर्म हेच आहे. खोबणीत तंतोतंत बसेल असा तुकडा कापणे आणि सांध्याची रेघ दिसू न देणे हे त्या कारागिरांचे रोजचे काम. ही कला फर्निचर आणि भिंतीवरच्या चित्रांपुरती मर्यादित न राहता जुन्या मोटारींच्या लाकडी भागांकडे वळली, तर दोन्ही वारशांचा लाभ होईल.

लाकूड कोठून आणावे

बदली तुकड्यासाठी लाकूड मिळवताना कायद्याचे भान आवश्यक आहे. शिसव (शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया) ही धोक्याच्या छायेतील जात मानली जाते. कर्नाटकात वन विभागाच्या परवानगीविना शिसवाची तोड किंवा वाहतूक करता येत नाही. डाल्बर्जिया कुळातील जातींचा समावेश २ जानेवारी २०१७ पासून वन्य जीव व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला आहे. दुरुस्तीसाठी स्टिअरिंग परदेशी पाठवायचे किंवा तेथून मागवायचे असल्यास त्यातील लाकडाची जात आणि लागू असलेले नियम आधी तपासणे हिताचे ठरते.

सुदैवाने स्टिअरिंगला लागणारा तुकडा तळहाताएवढाच असतो. मोडलेल्या जुन्या खुर्चीचा पाय, पाडलेल्या वाड्याची तुळई किंवा चौकट यांतून तो सहज निघतो. असे लाकूड अनेक दशके वाळलेले असल्याने आकुंचन-प्रसरणाची भीतीही कमी असते. ताज्या लाकडाचा तुकडा बसवल्यास तो वाळताना आक्रसतो आणि सांधा पुन्हा उघडतो. लाकडात किती ओलावा चालेल, हे प्रदेशाच्या हवामानावर अवलंबून असते. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये त्यासाठी देशाचे चार हवामान विभाग केलेले आहेत. मुंबईच्या दमट हवेत दुरुस्त झालेले स्टिअरिंग मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तडकते, त्यामागचे कारण हेच. दुरुस्तीपूर्वी जुने कडे आणि नवा तुकडा दोन्ही काही आठवडे एकाच खोलीत ठेवावेत. शिसवाच्या भुशाने अनेकांना त्वचेची व श्वसनाची ॲलर्जी होते; घासकाम करताना नाका-तोंडावर मुखपट्टी बांधावी.

अखेरचा लेप

सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि चन्नपट्टणच्या बाहुल्या ज्या लाखेने चकाकतात, तीच लाख शुद्ध करून चपडी स्वरूपात स्पिरिटमध्ये विरघळवली, की पारंपरिक पॉलिश तयार होते. लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ १९२४ मध्ये स्थापन झालेली संस्था आज राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था या नावाने कार्यरत आहे. लाखेचा रंग आणि खोली यांची सर अन्य लेपांना येत नाही; पण तिला उष्णता, पाणी आणि अल्कोहोल ही तिन्ही सोसत नाहीत. हातांना सॅनिटायझर लावून स्टिअरिंग धरले, तरी लाखेवर बोटांचे ठसे उमटतात. त्यामुळे प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी लाख आणि रस्त्यावर उतरणाऱ्या गाडीसाठी तेलाचे सागरी वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन, असा विवेक करावा लागतो.

लेप देण्यापूर्वी लाकूड १८०, २४० आणि ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने क्रमाक्रमाने, तंतूंच्या दिशेने घासावे. एक जाड थर देण्याऐवजी सहा ते आठ पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर ४०० क्रमांकाच्या कागदाने हलके घासून पुढचा द्यावा. कडे दोरीने टांगून ठेवल्यास लेप सर्व बाजूंनी सारखा बसतो. दोन घटक मिसळून करायच्या पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने त्याची फवारणी योग्य श्वसनयंत्राशिवाय करू नये. आरशासारखी चमक आणण्याचा अट्टहासही नको. अतिगुळगुळीत कडे घामाने निसटते. मूळ उत्पादकाची चमक बहुधा याहून सौम्य असे.

धावणारी गाडी, उभी गाडी

जुन्या वाहनांच्या जतनासाठी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. वास्तुवारशाच्या जतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यामागे आहे. मूळ सामग्री शक्य तितकी राखावी, केलेला हस्तक्षेप नोंदवून ठेवावा आणि नवे काय, जुने काय, हे ओळखता यावे, हा तिचा आशय. स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र या तत्त्वाला एका कठोर अटीची जोड द्यावी लागते : गाडी चालणार असेल, तर कडे माणसाचे वजन पेलणारे असलेच पाहिजे. त्या काळच्या गाड्यांत धडकेत दबणारा दांडा नव्हता. मोडलेले लाकूड थेट चालकाच्या छातीवर येऊ शकते.

म्हणूनच अनुभवी संग्राहक मधला मार्ग स्वीकारतात. कुजलेले किंवा गाभ्यापर्यंत सुटलेले मूळ कडे सौम्य उपचार करून जपून ठेवायचे आणि गाडी चालवण्यासाठी त्याच मापाचे, त्याच जातीच्या लाकडाचे नवे कडे बसवायचे. सांधे भक्कम असतील, तर मूळ कडेच दुरुस्त करून वापरायचे. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यासाठी आजही बाहेर पडते. म्हैसूरच्या वाडियार घराण्याच्या ताफ्यातील रोल्स-रॉईस गाड्यांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. अशा गाड्या रस्त्यावर दिसाव्यात ही लोकांची इच्छा स्वाभाविक आहे. त्यासाठी सर्वात आधी तपासायचा भाग चालकाच्या हातात असतो.

नोंदणीचे नियम

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या बिगर-व्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र दर्जा दिला. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचे ५ हजार रुपये असून नोंदणी १० वर्षे वैध राहते. वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाडा, बाह्य ढाचा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. अशी वाहने रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नसून प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या वाहनांची फेरी, तसेच इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येतात.

अर्जावर राज्यातील समिती वाहनाची तपासणी करते. अशा वेळी स्टिअरिंगच्या दुरुस्तीची छायाचित्रे, वापरलेल्या लाकडाची पावती आणि कामाची तारीखवार नोंद हाताशी असणे मालकाच्या फायद्याचे ठरते. गाडी विकतानाही हीच कागदपत्रे तिच्या अस्सलपणाची साक्ष देतात.

निगा

दुरुस्त केलेले स्टिअरिंग परत बसवताना खुणा जुळवाव्यात, नट उत्पादकाने सांगितलेल्या बलाने आवळावा आणि जेथे कुलूप-पिन आहे तेथे ती नवीच घालावी. गाडी बाहेर नेण्यापूर्वी उभ्या गाडीत चक्र दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, वर-खाली ओढून पाहावे.

पुढची निगा सोपी आहे. उन्हात उभ्या गाडीच्या स्टिअरिंगवर सुती कापड टाकावे. प्लास्टिकचे आवरण घालू नये, कारण त्याखाली ओल साचते. फेरीनंतर कोरड्या कापडाने घाम पुसावा आणि वर्षातून एक-दोनदा मेणाचा पातळ हात द्यावा. सिलिकॉन असलेली डॅशबोर्ड पॉलिश लाकडावर लावू नये. त्यानंतर नवा लेप बसत नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सांध्यांवरून नख फिरवून पाहावे. नख अडकले, तर फेरीला जाण्याचा बेत पुढे ढकलून कडे आधी दुरुस्त करावे.